निसरड्या रस्त्यावरून माल नेताना

बर्फाळ रस्त्यावर गाडी कशी चालवावी, असे अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या टेम्पोवाल्याला विचारले तर तो हसेल. वऱ्हाडात बर्फ पडत नाही. येथील माणसाला बर्फ माहीत आहे तो मासळी बाजारातला आणि रसवंतीवरचा. परंतु डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दर्यापूर, तेल्हारा, अकोट, भातकुली या बाजूच्या आडरस्त्यांवर माल घेऊन निघणाऱ्या व्यापाऱ्याला जो रस्ता भेटतो, तो बर्फाळ मुलखातील रस्त्याचा सख्खा भाऊ आहे. फरक इतकाच की तिकडचा रस्ता पांढरा दिसतो म्हणून माणूस सावध होतो. आपला रस्ता काळाच असतो, त्यावरील ओली मातीही काळीच असते आणि डोळ्याला काहीच कळत नाही.

आठवडी बाजार करणारे आपले मणियार, आतार, बागवान, कापडवाले, भांडीवाले, तसेच थंडीत गावोगाव गाद्या-रजया भरून देणारे पिंजारी, या सर्वांचा दिवस फजरच्या नमाजनंतर लगेच सुरू होतो. थंडीच्या भर दिवसांत आपल्याकडे सूर्य उगवायला सात वाजतात. म्हणजे जागा धरण्याच्या घाईत निघालेली गाडी पहिले २०-२५ किलोमीटर अंधारात, दवात आणि पुष्कळदा धुक्यात जाते. त्या गाडीत कित्येकदा घरची सगळी पुंजी भरलेली असते. बांगड्यांच्या पेट्या फुटल्या तर त्या पुन्हा भरायला महिने जातात, आणि पेट्यांवर बसलेल्या माणसाला काही झाले तर त्याची भरपाई कशानेच होत नाही. म्हणून हा विषय ड्रायव्हरवर सोडून देण्यासारखा नाही. माल ज्याचा, त्यानेही तो समजून घेतला पाहिजे.

हमरस्ते सुधारले आहेत, यात शंका नाही. अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जून महिन्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यात आला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पण बाजार महामार्गावर भरत नाहीत. महामार्ग सोडून गाडी आत वळली की काही अंतरावर डांबर अरुंद होते, त्याच्या कडा तुटलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंना काळी माती लागते. खरी कसोटी तेथून सुरू होते.

या मातीचा स्वभाव आधी पाहू. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन ती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकण खनिजाचे प्रमाण मोठे असते. या खनिजाची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी, एकावर एक बारीक पापुद्र्यांची आहे. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, माती फुगते आणि पापुद्रे एकमेकांवरून सरकू लागतात. वाळल्यावर तीच माती आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्यामुळेच काळ्या मातीवरचे रस्ते काही वर्षांत लाटांसारखे वर-खाली होतात. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंच्या खारपाण पट्ट्यात तर मातीत सोडियमही आहे. त्याने मातीचे कण पाण्यात सुटे होतात, वरचे पाणी खाली मुरत नाही आणि चिखल साबणासारखा होतो. वरूड-मोर्शीकडचा ड्रायव्हर दर्यापूरकडे आला की बिचकतो तो यामुळेच.

यातली एक गोष्ट जुन्या उस्ताद लोकांना चांगली माहीत असते. भरपूर पाणी पिऊन खोल चिखल झालेली माती गाडी अडकवते. थोडेसे ओले झालेले वरचे पापुद्रे मात्र गाडी घसरवतात, कारण खाली टणक जमीन आणि वर लोण्याचा हात फिरवल्यासारखा पातळ थर असतो. अडकलेली गाडी उशिरा पोहोचते. घसरलेली गाडी नाल्यात जाते. बर्फाचेही असेच आहे. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ थोडी तरी पकड देतो. वितळायला लागलेला आणि वर पाण्याचा पातळ थर आलेला बर्फ सर्वांत घातक असतो.

पावसाळ्यात हे सर्वांना ठाऊक असते, कारण तेव्हा माणूस चिखलाची अपेक्षा ठेवूनच निघतो. हिवाळ्यात रस्ता कोरडा आहे असे धरून आपण ४०-५० च्या वेगाने जातो, आणि तेथेच फसगत होते. कापूस आणि तुरीच्या हंगामात शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना लागलेली माती डांबरावर आणून टाकतात. त्या मातीवर रात्रभर दव पडते. हरभरा आणि गव्हाला रात्री वीज येईल तेव्हा तुषार सिंचनाने पाणी दिले जाते, आणि बांधाजवळ लावलेला नोझल अर्धा रस्ताही भिजवून जातो. कुठे कालव्याची चारी फुटलेली असते. परिणाम असा की दहा किलोमीटर सुका रस्ता आणि मध्येच वीस-पंचवीस फुटांचा ओला, काळा, चकचकीत पट्टा! थंड देशांत डांबरावर जमलेल्या पारदर्शक बर्फाला काळा बर्फ म्हणतात, कारण तो दिसत नाही. आपला काळा बर्फ हाच.

आता थोडा हिशेब करू, कारण व्यापाऱ्याला हिशेबाची भाषा लवकर पटते. सुक्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी पूर्ण ब्रेक लागल्यावर सुमारे ३० फुटांत थांबते. ओल्या चिकण मातीच्या थरावर टायरची पकड सुक्या डांबराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी उरते, म्हणून तीच गाडी थांबायला सुमारे १०० फूट लागतात. बर्फावर तर २०० फूट. यात ड्रायव्हरला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही. त्या एका सेकंदात गाडी आणखी ३५ फूट पुढे गेलेली असते. मात्र वेग ४० वरून २० केला तर त्याच निसरड्या थरावर गाडी सुमारे २५ फुटांत थांबते. वेग निम्मा केला की अंतर निम्मे होत नाही, चौथा हिस्सा होते. वीस किलोमीटरचा असा रस्ता ४० ऐवजी २० ने काटला तर अर्धा तास जास्त लागतो. हा अर्धा तास घरून लवकर निघून काढायचा असतो. वाटेत वेग वाढवून तो भरून निघत नाही.

टायर आणि रस्ता यांच्यामधील पकड ही एका गल्ल्यातील रकमेसारखी समजावी. ब्रेक, वळण आणि इंजिनचा जोर हे तिघेही त्याच गल्ल्यातून खर्च करतात. सुक्या रस्त्यावर गल्ला भरलेला असतो, म्हणून वळता वळता ब्रेक मारला तरी निभावते. निसरड्या जागी रक्कम मुळातच थोडी असते. तेथे ब्रेक मारताना वळू नये, वळताना ब्रेक मारू नये आणि गिअर बदलायचा असेल तर पट्टा येण्याच्या आधीच बदलून घ्यावा. पट्ट्यावरून सरळ, एकसारख्या वेगाने, दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न हलवता जावे. घाबरून अचानक पाय उचलणे हेही एक प्रकारचे ब्रेक मारणेच आहे. भरलेल्या मागच्या चाकांना इंजिन एकदम अडवते आणि गाडीची शेपूट सुटते.

साइडपट्टीचा सापळा

वऱ्हाडातील आडरस्त्यावरचे बरेच अपघात रस्त्याच्या मधोमध होत नाहीत, ते साइडपट्टीवर होतात. डांबर एकाच गाडीपुरते असते. समोरून एस. टी. किंवा कापसाचा ट्रक आला की आपण सवयीने डावीकडची दोन चाके खाली उतरवतो. उजवी चाके डांबरावर, डावी ओल्या मातीत. या स्थितीत ब्रेक दाबला तर डांबरावरची चाके धरतात, मातीतली धरत नाहीत आणि गाडी उजवीकडे, म्हणजे नेमकी समोरच्या वाहनाकडे फिरते. ब्रेक दाबला नाही तरी डांबराची कड चार-सहा बोटे उंच असते. घाईने स्टेअरिंग फिरवून वर चढू पाहणारे चाक त्या कडेला घासत राहते आणि एकदम वर आले की गाडी रस्त्याच्या पलीकडे फेकली जाते. उंच माल असेल तर ती तेथेच कलंडते.

उपाय साधा आहे, पण तो अभिमानाच्या आड येतो. समोरचे वाहन दूर असतानाच आपण आपला वेग पार कमी करावा, पूल, मोरी किंवा मुरूम टाकलेली घट्ट जागा पाहून तेथे थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे. दोघांपैकी एकाने थांबायचे आहे, तर मालवाल्याने थांबावे. चाके उतरवावीच लागली तर आधी वेग मोडून घ्यावा, ब्रेकवरील पाय काढून मगच उतरावे आणि वर येताना गाडी जवळजवळ उभी करून, जेथे कड कमी उंच आहे तेथून यावे.

तीनचाकी मालवाहू रिक्षावाल्यांची अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टर-जीपच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या पडतात व त्या दाबून घट्ट होतात. चारचाकी त्या चाकोऱ्यांतून जाते. तीनचाकीची मागची चाके चाकोरीत असली तरी पुढचे एकुलते चाक मधल्या उंचवट्यावर, न दाबलेल्या मातीत आणि गवतात चालते. वळवणारे चाकच सर्वांत निसरड्या जागी असते. सबब तीनचाकीने अशा रस्त्यावर पायी चालणाऱ्याच्या वेगानेच जावे. फार चिखल असेल तर माल फाट्यावर उतरवून दोन खेपा करणे स्वस्त पडते.

दुचाकीवर पेट्या बांधून जाणाऱ्यांनी पुढचा ब्रेक विसरावा. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचे झाले आहे. ते चाक जाम होऊ देत नाही हे खरे, पण पकड नसलेल्या मातीत ते पकड निर्माण करू शकत नाही. उलट भुसभुशीत जागी थांबण्याचे अंतर थोडे वाढूही शकते. अर्धवट वाळलेली काळी माती तर चाकाला थापीसारखी चिकटते आणि पुढच्या मडगार्डमध्ये भरून चाकच अडवते. गावाकडची माणसे म्हणूनच गाडीला एक काडी खोचून ठेवतात आणि दर थोड्या अंतराने माती कोरून काढतात. हसण्यासारखी वाटली तरी ती काडी कामाची आहे.

माल कसा भरावा

गाडी निसटते तेव्हा माल काय करतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. लोखंडी सामान, भांडी, तेलाचे डबे असे जड ते खाली आणि मागच्या धुरीच्या किंचित पुढे ठेवावे. सगळा भार अगदी शेवटी टाकला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग फिरवले तरी गाडी वळत नाही. बांगड्यांच्या पेट्यांमध्ये रिकामी जागा ठेवू नये. चार बोटे सरकायला जागा मिळाली की पेटी हातोड्यासारखी आपटते. पिंजारी बांधवांचा माल वजनाने हलका असतो पण उंच रचला जातो. त्याला वारा लागतो, शिवाय दव पिऊन वरचा थर जड होतो. ताडपत्री केवळ पावसाची वस्तू नव्हे, हे लक्षात असावे. फळांचे क्रेट दोरीने एकमेकांना बांधून मग गाडीला बांधावेत.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. बाजारातून माल विकून रिकामी परत येणारी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त घसरते. छोटा हत्ती, पिकअप यांना जोर मागच्या चाकांचा असतो आणि रिकामेपणी मागे वजनच नसते. थोडी चढण लागली की चाक जागीच फिरते, ब्रेक मारला की शेपूट सरकते. त्यात दिवसभराचा थकवा आणि संध्याकाळचे दव. अशा वेळी मागे धुरीवर वाळूची दोन-तीन पोती टाकून ठेवलेली बरी. हीच वाळू चाक अडकल्यावरही कामास येते. मात्र पोती बांधून ठेवावीत.

टायरविषयी कंजुषी चालत नाही. नियमाप्रमाणे चारचाकीच्या टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीची ०.८ मिलिमीटर खोल असली पाहिजे. एक रुपयाच्या नाण्याची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास असते. ते नाणे आडवे धरून नक्षीच्या खाचेशी पडताळले की अंदाज येतो. परंतु ही कायद्याची हद्द झाली. काळ्या मातीत जाणाऱ्या टायरला याच्या दुप्पट-तिप्पट नक्षी हवी, नाहीतर खाचा पहिल्याच पट्ट्यात मातीने भरून टायर गुळगुळीत होतो. रिमोल्ड टायर पुढे लावू नये. खोल चिखलातून निघण्यासाठी काही जण हवा थोडी कमी करतात. त्याने टायर पसरतो आणि पकड वाढते हे बरोबर आहे, पण बाहेर आल्यावर तेथल्या तेथे हवा भरायची सोय असेल तरच. भरलेली गाडी कमी हवेवर डांबरावरून पळवली तर टायर तापून फुटतो. पातळ निसरड्या थरावर या युक्तीचा उपयोगही फारसा नाही.

गाडी सुटलीच तर

मागचा भाग उजवीकडे सरकला तर स्टेअरिंग हलकेच उजवीकडे, डावीकडे सरकला तर डावीकडे न्यावे. ज्या बाजूला शेपूट जाते त्याच बाजूला. पाय ब्रेकवर नको. गाडी सरळ होऊ लागली की स्टेअरिंगही लगेच सरळ करावे, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला झोका घेते आणि हा दुसरा झोका पहिल्यापेक्षा जोराचा असतो. पुढची चाकेच सरकत असतील, म्हणजे स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात असेल, तर आणखी फिरवण्यात अर्थ नाही. ॲक्सिलरेटर सोडून स्टेअरिंग थोडे परत आणावे. वेग कमी होताच चाके पुन्हा धरतात. हे वाचून येत नाही. आपल्या मुलाला किंवा नव्या ड्रायव्हरला एखाद्या मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीने, १०-१५ च्या वेगाने हे करून दाखवावे. नवीन गाडी घेताना पूजापाठ, नियाज, पेढे सर्व होते, या एका तासासाठी मात्र कोणाला सवड नसते.

चाक अडकले तर ते फिरवत राहू नये. प्रत्येक फेऱ्याला ते स्वतःची कबर खोदते. चाकापुढची माती फावड्याने उतरती करावी, खाली बारदाना, तुराट्या किंवा पऱ्हाट्या घालाव्यात आणि पहिल्या गिअरऐवजी दुसऱ्यात हळू निघावे. पऱ्हाटीचे कापलेले टोक टायरकडे येऊ देऊ नये, ते पंक्चर करते. ढकलणाऱ्यांनी चाकाच्या अगदी मागे उभे राहू नये.

वऱ्हाडात खरा बर्फ रस्त्यावर येतो तो गारपिटीने. फेब्रुवारी-मार्च २०१४ आणि पुन्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेली गारपीट पुष्कळांना आठवत असेल. (आपल्याकडे चिखलालाही गारा म्हणतात आणि आभाळातून पडतात त्याही गाराच. दोन्हींवर माणूस सारखाच घसरतो!) रस्त्यावर पसरलेल्या गारा टायरखाली छऱ्यांसारख्या गडगडतात. अशा वेळी एकच मार्ग: गाडी झाडाखाली न लावता मोकळ्या, घट्ट जागी उभी करून काचांपासून दूर बसावे आणि गारा विरघळू द्याव्यात. आपल्या उन्हात त्याला वेळ लागत नाही.

काश्मीरकडे ही मोकळीक नाही. तेथे बर्फात गाडीच्या जोर देणाऱ्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात आणि साखळी असली तरी वेग ३०-४० च्या पुढे नेत नाहीत. जम्मू-श्रीनगर रस्ता बर्फाने किंवा दरडींनी बंद पडला की सफरचंदाचे ट्रक अडतात, आणि त्याची झळ आपल्या बागवानांच्या आडतीपर्यंत येते. नुकसान होत असूनही तेथे ट्रक थांबवतात.

शेवटी कागदपत्रांचे, कारण अपघात झाल्यावर त्यांचा शोध सुरू होतो. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा आपली गाडी किंवा आपला माल भरून देत नाही. गाडीसाठी पूर्ण विमा आणि मालासाठी वाहतुकीचा वेगळा विमा घ्यावा लागतो. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालासोबत बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सक्तीच्या विम्यात धरला जातो. पण बाजाराला जाणारे इतर चौघे भाडे देऊन पेट्यांवर बसले असतील तर त्यांच्या बाबतीत विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून गाडीत माल कोणाचा आणि किती, याची साधी पावती प्रत्येकाने जवळ ठेवावी. लायसन्सबाबत पूर्वी वाद होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचे लायसन्स असणारा ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकतो. छोटा हत्ती, पिकअप यात येतात. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून, आणि ते गाडीच्या आर. सी. बुकात लिहिलेले असते. त्याहून जास्त भरलेल्या गाडीचा दावा लावताना अडचणी येतात, हे माल भरतानाच ध्यानात घ्यावे.